दुपारी एकनंतर मन्मथअप्पा

मन्मथअप्पांचा फोन दुपारी एकनंतर बंद असतो, हे आमच्या सबस्टेशनखालच्या सगळ्या गावांना पाठ झालं होतं. का बंद असतो, याबद्दल मात्र प्रत्येक गावाचं वेगळं मत. कुणी म्हणायचं, अप्पा मांजरसुंब्याला ढाब्यावर जेवतात आणि तिथंच खाटेवर पडतात. कुणी म्हणायचं, भावाच्या दुकानामागच्या खोलीत पंखा लावून झोपतात. एका गावात तर पक्कं ठरलं होतं की अप्पांकडं दोन फोन आहेत, एक आपल्यासारख्यांसाठी आणि एक मोठ्या लोकांसाठी. खुद्द अप्पांना विचारलं की ते वरच्या खिशातून फोन काढायचे, समोरच्याला काळा पडदा दाखवायचे आणि म्हणायचे, "मलाच कळंना बे. सकाळी शंभर व्हता."

यावर कुणाचाच विश्वास बसत नसे. सुरुवातीला माझाही बसला नाही.

मी तेव्हा त्या सबस्टेशनला ऑपरेटर होतो आणि अप्पा आमचे वायरमन. ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. वायरमनला खांबावर चढायचं असलं की तो ऑपरेटरला फोन करतो. ऑपरेटर त्या भागाची लाईन, म्हणजे फिडर, बंद करतो, रजिस्टरमध्ये वेळ लिहितो. याला परमिट म्हणतात. काम झालं, माणूस खाली उतरला, की तो पुन्हा फोन करतो आणि मग लाईन सोडायची, म्हणजे पुन्हा चालू करायची. मधल्या वेळात तो वर तारांना हात घालून असतो आणि स्विच माझ्या समोर असतो. दोघांमध्ये फक्त फोन.

चौसाळ्यात अप्पांच्या घरचं किराणा दुकान. तीन भावांपैकी दोन गल्ल्यावर बसले, हे एकटे खांबावर चढले. "दुकानात मान खाली घालून बसावं लागतंय. मला वर बघायची सवय," एवढंच त्याचं कारण ते सांगत. अंगानं बुटके, मनगटं मात्र जाड, आणि चालताना पायात चप्पल नसल्यासारखं जमीन चाचपत चालायचे. गळ्यात लिंगाची चांदीची डबी असे. चढायच्या आधी ती शर्टाच्या आत, पार काखेपर्यंत सरकवून ठेवायची, मग हातमोजे घालायचे. लाईन बंद झाल्याचं मी सांगितलं तरी त्यांचं समाधान व्हायचं नाही. आधी तारेवर अर्थिंगची साखळी टाकायचे. मग पकडीनं तारेला हळूच टक टक करून विचारायचे, "हाय का कोणी?" एखाद्याच्या दारात उभं राहून विचारावं तसं. तार काही बोलली नाही, की हात लावायचे. मी एकदा हसलो तर म्हणाले, "इचारायला काय जातंय? असंल कोणी तर सांगंल."

त्यांची दुसरी एक तऱ्हा माझ्या फार लक्षात आहे. एरवी ते मला 'दत्ता' म्हणायचे, 'अरे-तुरे' करायचे. मी त्यांच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. पण परमिटचा फोन असला की मी एकदम 'दत्ताराव' व्हायचो आणि सगळं बोलणं 'तुमी'वर जायचं. "दत्ताराव, मन्मथ बोलायलोय. घाट फिडर बंद करा." मी म्हणायचो, "घाट फिडर बंद केला." ते म्हणायचे, "फिडरचं नाव पुन्हा सांगा." मी पुन्हा सांगायचो. मग ठरलेलं शेवटचं वाक्य यायचं, "माझ्या तोंडून ऐकल्याबिगर सोडायची न्हाई. साहेबानं सांगितलं तरी न्हाई." आणि त्यानंतर लगेच, त्याच दमात, "जेवलास का बे?"

त्यांचा जुना बटणांचा फोन चार-चार दिवस चालायचा. पुढं ऑफिसनं खांबांचे, डीपीचे म्हणजे ट्रान्सफॉर्मरचे फोटो ठिकाणासकट पाठवायला सांगितले आणि सगळ्या वायरमनना मोठा फोन घेणं भाग पडलं. अप्पांची मुलगी गिरिजा दिवाळीला पुण्याहून येताना त्यांच्यासाठी एक घेऊन आली. तिनं सगळं लावून दिलं, नंबर भरून दिले, फोटो कसा पाठवायचा ते दोन दिवस शिकवलं. अप्पा खुशीत होते. ती गेल्यावर आठवड्याभरात त्यांच्या ध्यानात आलं की सकाळी सहाला शंभर टक्के असलेला फोन दुपारच्या भाकरीला मरतो.

मग सल्ले सुरू झाले. मला वाटतं, त्या वर्षभरात अप्पांना जेवढे सल्ले मिळाले तेवढे त्यांच्या मुलीच्या लग्नातही मिळाले नसतील.

मांजरसुंब्याच्या मोबाईल दुकानदारानं सांगितलं, बॅटरी खराब आहे, बदला. बदलली. फरक शून्य. तो म्हणाला, मग चार्जर खराब असेल. चार्जर बदलला. मग तो म्हणाला, अप्पा, तुम्ही गाणी बघत असाल. अप्पा त्याच्याकडं नुसते बघत राहिले.

एका शिक्षकानं सांगितलं, उन्हानं फोन तापतो आणि बॅटरी उतरते, फोन गार ठेवा. ही गोष्ट खोटी नव्हती. पण गार ठेवायचा म्हणजे कुठं? अप्पांनी तो डब्याच्या सगळ्यात खालच्या पुडात ठेवायला सुरुवात केली. महिनाभर त्यांचा फोन कानाला लावला की शेंगदाण्याच्या चटणीचा वास यायचा. फोन वाजला तरी डब्यातून ऐकू येत नसे, त्यामुळं लोकांच्या तक्रारी दुपारी एकऐवजी सकाळी दहालाच सुरू झाल्या.

कुणी म्हणालं इंटरनेट बंद ठेवा. ठेवलं, तर ऑफिसात एकही फोटो पोचला नाही आणि अप्पांना खुलाशाचं पत्र आलं. ते पत्र घेऊन ते माझ्याकडं आले. म्हणाले, "चालू ठेवलं तर गावं बोलत्यात, बंद ठेवलं तर ऑफिस बोलतंय. मी काय करावं ते कुणीच सांगंना." कुणी म्हणालं पडद्यावरचं चित्र काळं ठेवा. त्यांनी तेही केलं. पडद्यावर गिरिजाचा लग्नातला फोटो होता, तो काढला. काढताना मी शेजारी होतो. त्यांनी दोनदा बोट उचललं, दोनदा मागं घेतलं, आणि मग मला म्हणाले, "तूच काढ."

या सल्ल्यांपैकी एक मात्र जिवावर बेतला असता. आमच्याच एका सहकाऱ्यानं त्यांच्या पडद्याचा उजेड अगदी कमी करून दिला. सावलीत ठीक होतं. पण खांबाखाली, उन्हात, अप्पांना पडद्यावरचं काहीही दिसेना. नावांच्या यादीत आमचं सबस्टेशन होतं आणि त्याला लागूनच त्यांचे कडा गावचे व्याही संगमेश्वरअप्पा. अप्पांनी अंदाजानं बोट लावलं आणि सवयीनं बोलून मोकळे झाले, "मन्मथ बोलायलोय. घाट फिडर बंद करा."

व्याही साखर कारखान्यातून निवृत्त झालेले आणि कानानं अधू. घरात टीव्ही मोठ्यानं चालू होता. त्यांना एवढंच ऐकू आलं की व्याही काहीतरी बंद करा म्हणताहेत. त्यांनी टीव्ही बंद केला आणि म्हणाले, "केला बंद. बोला."

अप्पांचा एक पाय शिडीवर होता. त्यांनी विचारलं, "फिडरचं नाव पुन्हा सांगा."

पलीकडून आवाज आला, "तब्येत काय म्हणतीय?"

हे त्यांनी मला संध्याकाळी सांगितलं तेव्हा मी हसत सुटलो. ते हसले नाहीत. म्हणाले, "दत्ता, लाईन चालू व्हती. नाव इचारायची सवय नसती तर मी चढलो असतो." मग पुढं म्हणाले, "आणि संगमअप्पांनी माझ्यासाठी बातम्या बंद केल्या, ते येगळंच." तेव्हा कुठं त्यांना हसू आलं. पडद्याचा उजेड त्यांनी तिथंच पूर्ण वाढवून घेतला आणि पुन्हा कधी कमी केला नाही.

एवढं होऊनही फोन का मरतो ते कळेना. शेवटी अप्पांनी स्वतःच शोध लावायचं ठरवलं. एका जुन्या वहीच्या पानावर ते दर दोन तासांनी आकडा लिहू लागले. सहाला शंभर. आठला अठ्ठ्याहत्तर. दहाला एकावन्न. बाजूला कुठं होतो ते लिहायचे. पंधरा दिवसांनी ते पान माझ्यापुढं ठेवून म्हणाले, "बघ. खाली चौसाळ्याच्या बाजूला असलो की हळूहळू उतरतंय. घाटाकडं गेलो की पळतंय. घाटात काय हाय असं?" मी म्हटलं, तिकडं मोबाईलची रेंज कमी आहे, फोन सारखा टॉवर शोधत असेल. ते म्हणाले, "मग बाकीच्यांचे फोन न्हाई का शोधत? त्यांचे तर संध्याकाळपर्यंत चालत्यात." खरं सांगायचं तर तोपर्यंत मीही आतून असंच धरून चाललो होतो की म्हातारा माणूस आहे, काहीतरी चुकीचं दाबत असणार.

तो जानेवारीचा दिवस होता. ज्वारी पोटऱ्यात आलेली, कांद्याला पाण्याची घाई. शेतीची लाईन दिवसा आठ तास असायची आणि त्यात घाटावरच्या वाड्यांचा एक जंपर, म्हणजे खांबावर दोन तारा जोडणारा तुकडा, तुटला. सकाळी अकराला अप्पांचा फोन आला, "दत्ताराव, घाट फिडर बंद करा." सगळं ठरल्यासारखं बोलणं झालं. अर्ध्या तासाचं काम होतं.

बारा वाजले. फोन नाही. साडेबाराला मी लावला, तर बंद. एक वाजल्यापासून गावांचे फोन सुरू झाले. लाईन कधी येणार, पाटात पाणी अडलंय, मोटारी उभ्या आहेत. दीड वाजता घाटावरच्या एका शेतकऱ्याचा फोन आला. ओळखीचा माणूस, खोटं बोलणारा नव्हे. तो म्हणाला, "जंपर झाला की. अप्पा खाली उतरले, म्या माझ्या डोळ्यांनी पाह्यलं. सामान गोळा करून वढ्याकडं गेले. फोन उतरला असंल त्यांचा, नेहमीसारखा. सोडा लाईन."

त्यानंतर आमच्या साहेबांचा फोन आला. त्यांनाही गावांनी भंडावून सोडलं होतं. मी शेतकऱ्याचं बोलणं त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "उतरलेत असं दिसतंय खरं. पण परमिट तुझ्याकडं आहे. तू ठरव."

तू ठरव, एवढं म्हणून ते मोकळे झाले. मी खुर्चीतून उठून पॅनेलसमोर जाऊन उभा राहिलो. माझ्या डोक्यात अगदी सरळ हिशेब होता. काम अर्ध्या तासाचं, झालेत अडीच तास. उतरताना पाहिलेला साक्षीदार आहे. फोन रोजच बंद पडतो, आजही पडला. खाली गावं ताटकळलीत. सगळ्या गोष्टी लाईन सोडायच्या बाजूच्या होत्या. न सोडायच्या बाजूला फक्त अप्पांचं ते एक वाक्य होतं, आणि तेही अकरा वाजताचं. मी स्विचच्या दांड्यावर हात ठेवला होता, हे मी आजवर फार थोड्या लोकांना सांगितलं आहे. किती वेळ ठेवला, ते सांगता येणार नाही. मग हात काढला. विचार करून काढला असं म्हणणं खोटं होईल. मला काहीच सुचत नव्हतं, म्हणून काढला.

पुढचे दोन तास मी टेबलावरचा फोन उचललाच नाही.

साडेतीनच्या सुमारास एका मोटारसायकलवर मागं बसून अप्पा आले. खांद्यावर दोरखंड, शर्टावर चुना सांडावा तशी धूळ. आत आले, माठातलं पाणी प्याले, आणि घड्याळाकडं बघत म्हणाले, "लाईन बंदच हाय ना?"

मी म्हटलं, "बंदच आहे."

ते खाली फरशीवर बसले. मग तुटक तुटक सांगितलं. जंपर जोडून ते उतरले होते, हे खरं. ओढ्याकडं गेले, हेही खरं. पण ओढ्याच्या पलीकडच्या खांबावर त्यांना चिनीमातीचा एक इन्शुलेटर फुटलेला दिसला. परमिट हातात आहे तर हेही उरकू, म्हणून ते तिथं चढले. वरूनच मला सांगायला फोन काढला, तर नंबर लावेपर्यंत तो हातात मेला. काम किचकट निघालं. खाली उतरून, फोन असलेला माणूस आणि रेंज शोधत चालत निघाले. शेवटी कुणाच्या तरी गाडीवर बसून थेट इथंच आले.

"दीड वाजता कुठं होतात?" मी विचारलं.

"वरच व्हतो की. कावून?"

शेतकऱ्याचा फोन, साहेबांचा फोन, माझा स्विचवरचा हात, सगळं मी त्यांना सांगितलं. त्यांनी ते ऐकून घेतलं. रजिस्टर मागितलं, परमिट परत केल्याची वेळ स्वतःच्या अक्षरात लिहिली, सही केली. मग म्हणाले, "आता सोडा, दत्ताराव." मी लाईन सोडली. अप्पांनी फोन खिशातून काढून माझ्या टेबलावर ठेवला. "हा माझा जीव घेणार बघ. याला काय झालंय ते शोध, नसता मी तो व्हिरीत टाकतो."

त्या दिवशी ड्यूटी संपल्यावर मी पहिल्यांदा तो फोन नीट हातात घेऊन बसलो. चार्जिंगला लावला. इतके दिवस जो तो आपलं ज्ञान सांगत होता, फोनला कुणी विचारलंच नव्हतं. कोणतं ऍप किती बॅटरी खातं, याची यादी फोनमध्येच असते. ती उघडली. सगळ्यात वर नकाशाचं ऍप. निम्म्याहून जास्त बॅटरी एकटं ते खात होतं.

"तुम्ही नकाशा बघता?"

"मला कशाला नकाशा? सगळे खांब पाठ हायत."

मी ते ऍप उघडलं. आत लिहिलं होतं की हा फोन सध्या कुठं आहे ते एका माणसाला सतत दिसतं आहे. मुदत : बंद करेपर्यंत. त्या माणसाचं नाव गिरिजा.

मी अप्पांना समजावून सांगितलं. दिवाळीत फोन लावून देताना गिरिजानं हे सुरू केलं असणार. तिच्या फोनवर नकाशात तुमचा ठिपका दिसतो. तुम्ही हललात की ठिपका हलतो. त्यासाठी हा फोन दिवसभर, खिशात असतानाही, स्वतःची जागा शोधतो आणि तिला कळवत राहतो. घाटात रेंज नाही, तिथं त्याला फारच ताकद लावावी लागते. म्हणून पळतं.

अप्पांना पहिल्यांदा ते कळलंच नाही. "ती पुण्यातून मला बघतीय?" असं तीनदा विचारलं. मग स्वतःच्या शर्टाकडं, धुळीनं भरलेल्या पायांकडं बघितलं, आणि थोडे सावरून बसले.

मी म्हटलं, "बंद करू का?"

"थांब," ते म्हणाले. "तिला इचारू."

माझ्या फोनवरून लावला. आवाज मोठा केला. गिरिजाला मी दोनदाच भेटलो होतो. ती आधी घाबरली, मग ओशाळली.

"अप्पा, आई गेल्यावर तुम्ही एकटेच. फोन केला तर वर असायचे, उचलायचे नाहीत. मला कामात लक्ष लागायचं नाही. सांगितलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असता."

"मला काय तरास न्हाई बाई. पण त्यात दिसतंय तरी काय तुला?"

"सकाळी फिरत असता. कधी चौसाळा, कधी घाट. मग एक वाजला की ठिपका थांबतो, तो संध्याकाळपर्यंत एकाच जागी." तिचा आवाज हलका झाला. "पहिले काही दिवस मला भीती वाटली. मग कळलं, तुम्ही दुपारी जेवून झाडाखाली पडत असणार. म्हटलं, बरं झालं, या वयात एवढा आराम तरी करतात. ठिपका थांबला की मीही डबा उघडते."

मी अप्पांकडं बघितलं. ते माझ्याकडं बघत होते. रोज एक वाजता फोन मरत होता, म्हणून ठिपका थांबत होता. मेलेला फोन हलणार कसा? गावं म्हणत होती अप्पा झोपतात, आणि पुण्यात बसलेली त्यांची पोरगीसुद्धा तेच समजून निवांत जेवत होती. त्या दिवशीही जेवली असणार. तिला ठिपका ओढ्यापलीकडं थांबलेला दिसत होता आणि अप्पा तिथंच खांबावर होते.

अप्पांनी मला डोळ्यांनी गप्प केलं. मग अगदी सावकाश म्हणाले, "हाव. झोपतो की. लिंबाखाली गार वारं येतंय."

"किती वेळ?"

"चांगलं चारपर्यंत." पुढं म्हणाले, "पण काय हाय बाई, ते नकाशाचं बॅटरी लई खायलंय. कामाचे फोन ऱ्हायलेत. ते बंद करतो. त्याच्या बदल्यात रोज एक वाजता मी सोता तुला फोन करीन. चालंल?"

मग ती म्हणाली, "एक म्हणजे एक हं अप्पा."

मी तिथंच ते बंद केलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचला अप्पांच्या फोनवर चाळीस टक्के होते. त्यांनी तो आकडा वहीत लिहिला आणि पान फाडून खिशात ठेवलं.

यानं सगळं सुरळीत झालं असं वाटत असेल तर तसं नाही. फोन आता दिवसभर चालू राहू लागला, म्हणून दिवसभर वाजू लागला. ज्या गावांनी एकनंतर आशा सोडली होती, ती सगळी चार वाजता, पाच वाजता फोन करू लागली. पंखा हळू का फिरतो इथपासून ते बिल जास्त का आलं इथपर्यंत सगळं अप्पांना विचारायचे. एकदा वैतागून म्हणाले, "तवा लोक शिव्या देत व्हते पण शांत व्हतं. आता शिव्या न्हाईत, पण शांत न्हाई. कोणतं बरं व्हतं ते कळंना."

एक वाजताचा फोन मात्र त्यांनी निवृत्तीपर्यंत चुकवला नाही. मी एकदा त्यांच्यासोबत एका डीपीवर गेलो होतो. उन्हाचा कहर. सावली म्हणून आसपास काही नव्हतं, नुसती नांगरलेली रानं. एक वाजता अप्पांनी उजव्या हातातला मोजा दातानं ओढून काढला, फोन लावला आणि त्या भट्टीत उभं राहून बोलू लागले. "हाव, जेवलो. मेथीची भाजी व्हती. पडलोय आता. न्हाई, न्हाई, ऊन न्हाई इथं, दाट सावली हाय." बोलताना मध्येच एक जांभई दिली. इतकी खरी की मलाही आली. फोन ठेवून त्यांनी पुन्हा मोजा चढवला आणि मला म्हणाले, "पकड दे."

मी विचारलं, "अप्पा, तिला खरं सांगून टाका ना कधीतरी."

"काय सांगू? एवढी वर्षं वर चढलो तवा तिनं न्हाई इचारलं. आता इचारायलीय तर चांगलं सांगावं." मग शिडीला हात घालून, "आणि लेकीला काय खरं कळत नसंल व्हय? मला तर तिचंच काही कळत न्हाई."

त्यांना काय म्हणायचं होतं ते मला तेव्हा समजलं नाही. आजही नक्की समजलं आहे असं नाही.

अप्पा निवृत्त झाल्यावर गिरिजा त्यांना पुण्याला घेऊन गेली. सव्वा वर्षानं ते तिथंच गेले, झोपेत. तिचाच फोन आला. पण त्याआधी एकदा मला ते भेटले, आणि माझ्या डोळ्यांपुढं येतात ते तसेच.

ऑफिसच्या प्रशिक्षणासाठी मी पुण्याला गेलो होतो, तेव्हा त्यांच्याकडं जाऊन आलो. आठव्या मजल्यावर घर. अप्पा पांढऱ्या शर्टात, भिंतीला टेकून बसलेले. गिरिजा कामावर गेली होती. चहा त्यांनीच केला. बाहेर गॅलरी होती, वारा छान होता, मी म्हटलं तिथं बसू. ते दारातच थबकले.

"तू बस. मी हितूनच बोलतो."

"का हो?"

"खाली बघितलं की गरगरतंय."

मला खरंच वाटेना. ज्या माणसाला मी वादळात, पावसात खांबावर बघितलं, तो गॅलरीच्या कठड्याला भीत होता. माझ्या चेहऱ्यावरून त्यांना ते कळलं असावं. हाताचे पंजे उलटसुलट करून बघत म्हणाले, "वर हाताला काम असतंय ना. काम असलं की उंची कळत न्हाई. हितं नुसतंच उंच हाय."

निघताना मी लिफ्टचं बटण दाबणार, तर म्हणाले, "जिन्यानं चल. मी बी येतो." मी म्हटलं, आठ मजले आहेत अप्पा. ते म्हणाले, "लाईट गेली तर मधीच लटकावं लागंल. लाईटीचा भरवसा मी धरत न्हाई." हे त्यांनी इतक्या गंभीरपणानं सांगितलं की मी गुमान जिन्यानं निघालो. ते माझा हात धरून, एकेक पायरी चाचपत, फाटकापर्यंत आले. तिथं थोडा वेळ आम्ही उभे राहिलो. त्यांनी चौसाळ्याच्या पावसापाण्याचं विचारलं, मी सांगितलं. मग म्हणाले, "जा आता. मला चढायचं हाय."

रिक्षा यायला वेळ होता. त्या इमारतीच्या जिन्याला प्रत्येक मजल्यावर सिमेंटची जाळी होती. जाळीतून त्यांचा पांढरा शर्ट दिसायचा, नाहीसा व्हायचा, आणि बऱ्याच वेळानं वरच्या मजल्यावर पुन्हा दिसायचा. दुसऱ्यावर दिसले. तिसऱ्यावर दिसले. चौथ्यावर बराच वेळ थांबले, कठडा धरून, मग पुन्हा निघाले. रिक्षा आली. रिक्षावाला म्हणाला, बसा साहेब. मी त्याला म्हटलं, दोन मिनिटं थांबा. सहाव्यावर शर्ट दिसला. सातव्यावर दिसला. आठव्यावरची जाळी कुंड्यांनी झाकलेली होती, तिथलं काही दिसत नव्हतं. मी तरी थोडा वेळ वर बघत उभा राहिलो, आणि मग रिक्षात बसलो.